गाळाखालची पांढरी : बुडालेल्या गावाच्या मातीतून पहिलं प्रदर्शन करताना

नोव्हेंबरमध्ये माझं पहिलं एकल प्रदर्शन झालं आणि तेव्हापासून बरेच जण विचारतायत की ही माती नक्की कुठून आणली, परवानगी लागते का, भेगा कशा आवरल्या, खर्च किती आला. प्रत्येकाला फोनवर सांगताना काहीतरी राहूनच जातं, म्हणून सगळं एकदा सलग लिहून काढतेय. लांबलंय, पण मला सुरुवातीला असं कुणाचं लिहिलेलं सापडलं असतं तर किमान सहा महिने तरी वाचले असते.

आमचं मूळ गाव उजनीच्या पाण्यात आहे. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, आमचं गाव त्याच्या आधीच, १९७७ च्या उन्हाळ्यात उठलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा अकरा वर्षांचे होते, आत्या सोळाची. मी जन्मले ती नव्या गावठाणात, पण आमच्या घरात 'गाव' म्हटलं की ते कायम जुनंच असायचं, आम्ही राहतो ती 'वसाहत'. आता पन्नास वर्षं होत आली तरी अजून वसाहतच म्हणतात.

मी शाळेत चित्रकला शिकवते. जी.डी. आर्ट (कलेची पदविका) झाल्यापासून दहा-अकरा वर्षं बॅकवॉटरची जलरंगातली निसर्गचित्रं करत होते, भिगवणकडचे फ्लेमिंगो, होड्या, संध्याकाळचं पाणी वगैरे. लोकांना आवडायची. मलाही करताना छान वाटायचं आणि घरी येऊन भिंतीला टेकवून ठेवली की काहीतरी खोटं बोलल्यासारखं वाटायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आत्या आली होती, तिनं असंच एक चित्र बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "सारखं पाणीच काय काढतीस गं, खाली पांढरी हाय ती काढ की."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे शेताची ती काळी आणि गाव वसलेली ती पांढरी. पिढ्यान् पिढ्या मातीच्या भिंती पडायच्या, त्याच मातीवर परत घरं उठायची, चुलीची राख, शेणाचं सारवण, चुना सगळं त्यात मुरायचं आणि गावठाणाच्या मातीचा रंगच बदलायचा. म्हणजे पांढरी माती ही माणसं राहिल्यामुळे तयार झालेली माती आहे. हे मी लहानपणापासून ऐकत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मग रंगानं ते चित्र काढायचं कशाला, ती मातीच आणायची.

मातीत काम करणारे कलाकार अर्थातच आहेत. वॉल्टर डी मारियानं १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका इमारतीतला अख्खा मजला २२ इंच मातीनं भरला, तो आजही तसाच आहे. माझं गाव उठलं तेच साल, हे वाचल्यावर मी बराच वेळ नुसती बसून होते. हर्मन डी व्रीस जगभरातल्या माती गोळा करून कागदावर नुसत्या घासतो. आणि आपल्या चंद्रपूरकडचे प्रभाकर पाचपुते, खाणीच्या भागात वाढलेले, ते कोळशानंच भिंतभर चित्रं काढतात. त्यांचं काम बघून धीर आला की जिथं आपलं माणूस राबलं तिथलीच वस्तू हातात घ्यायची, ही काही विचित्र कल्पना नाही.

आता कागदपत्रं. ह्याच भागाची सगळ्यात जास्त भीती होती.

पहिला प्रश्न, आमचं घर नक्की कुठं होतं? शेताचा जुना सातबारा ऑनलाइन अभिलेखात मिळाला, त्यावर आजोबांचं नाव आणि नंतरच्या उताऱ्यावर कब्जेदार म्हणून महाराष्ट्र शासन. पण गावठाणातल्या घरांचा सातबारा नसतो, हे मला तेव्हा कळलं. भूमी अभिलेखमधून जुन्या गाव नकाशाची नक्कल काढली, त्यात गावठाण म्हणजे नुसती एक बाह्यरेषा, आत घरं नाहीत. मग एका निवृत्त तलाठी काकांनी सांगितलं की भूसंपादनाचा निवाडा माग, त्यात घरांची यादी असते. १४ फेब्रुवारीला माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. ३० दिवसांची मुदत असते, २७ व्या दिवशी पत्र आलं, १४ पानांचे दोन रुपयांप्रमाणे २८ रुपये भरून झेरॉक्स मिळाल्या. अर्जात 'माझ्या गावाची सगळी माहिती द्या' असं लिहू नका. गावाचं नाव, तालुका, अंदाजे साल आणि 'निवाड्यातील घरांच्या मूल्यांकनाची यादी' इतकं नेमकं लिहा, नाहीतर अर्ज फिरत राहतो.

त्या यादीत आजोबांच्या नावासमोर एकच ओळ होती. घर पाच खण, भिंती माती-दगड, छत धाब्याचे, लाकूड बाभूळ. पुढे रक्कम. (धाबं म्हणजे वर माती घातलेलं सपाट छत.) मी ती ओळ अण्णांना वाचून दाखवली तर त्यांनी परत वाचायला लावली, मग तिसऱ्यांदा. माझ्या पुढच्या पावणेदोन वर्षांच्या कामाचं सामान त्या एका ओळीत लिहिलेलं होतं, हे मला नंतर हळूहळू कळत गेलं.

दुसरा प्रश्न परवानगीचा. जमीन आता शासनाची आणि माती हे गौण खनिज, म्हणजे परवानगीशिवाय उचलता येत नाही. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत शेतकऱ्यांना धरणातला गाळ नेता येतो, पण तो फॉर्म शेतकऱ्यांसाठी आहे, त्यात शेताचा गट नंबर आणि किती ट्रॉली असं विचारतात. माझ्याकडे शेत नाही आणि मला हवी होती सहा पोती. बरेच जण म्हणाले की सहा पोत्यांना कोण विचारतंय, जा आणि आण. पण मला ती चोरून आणायची नव्हती. आपल्याच घरची माती लपवून आणली असती तर मी ते काम मोकळ्या मनानं करूच शकले नसते. मग साध्या कागदावर अर्ज लिहिला. कलाकृतीसाठी, विक्रीसाठी नाही, हातानं खोदणार, यंत्र नाही, एकूण अंदाजे १८० किलो. सोबत निवाड्याचं पान, नकाशाची नक्कल, अण्णांचा प्रकल्पग्रस्त दाखला आणि शाळेचं ओळखपत्र जोडलं. १८ मार्चला दिला, पोच घेतली. (पोच घ्याच. दुसऱ्या खेपेला आधीचा कागद सापडत नव्हता, पोचेमुळे वाचले.) नेमकी लोकसभेची आचारसंहिता लागलेली, सगळा स्टाफ इलेक्शन ड्युटीवर, आमच्या भागातलं मतदान ७ मेला. चार खेपा झाल्या. ना हरकत पत्र हातात पडलं १० मेला. त्या पत्रावर 'सहा पोती गाळमिश्रित माती' असे शब्द आहेत, ते मी फ्रेम करून प्रदर्शनात पहिल्याच भिंतीवर लावलं होतं.

तोपर्यंत पाणी खूप खाली गेलेलं. २०२४ चा उन्हाळा आठवत असेल, उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली होतं. १२ मेला पहाटे मी, अण्णा आणि आत्या निघालो. उघड्या पडलेल्या पात्रात ठिकठिकाणी गाळपेर (उघड्या गाळावरची पेरणी) केलेली, त्याच्या कडेनं चालत गेलो. गाळ वरून वाळलेला दिसतो पण खाली लोणी असतो, माझा पाय एकदा गुडघ्यापर्यंत गेला. हातात काठी ठेवा, पुढची जागा टोचून मगच पाय टाका, आणि तिथल्या कुणाला तरी सोबत घ्या. एकट्यानं जाऊ नका. पाण्यातून जायचं असेल तर लाइफ जॅकेटशिवाय होडीत पाय ठेवू नका. आमच्या दुसऱ्या फेरीनंतर दोनच दिवसांनी, २१ मेला, कळाशी-कुगाव दरम्यान वादळात बोट उलटून सहा माणसं गेली. हे लिहितानाही हात थांबतो.

नकाशावर फोनचं जीपीएस लावून आम्ही अंदाजे जागेवर पोचलो. सगळीकडे राखाडी गाळ, त्यावर शिंपले, काही ठिकाणी जोत्याचे दगड. मला काहीच ओळखू येत नव्हतं. अण्णा मात्र चप्पल काढून चालायला लागले. एका ठिकाणी थांबले, टाचेनं गाळ बाजूला केला तर खाली गुळगुळीत दगडाची कड, मध्ये झिजून खोलगट झालेली. उंबरा. आत्या काही न बोलता त्यावर जाऊन बसली, दारात बसतात तशी, आणि हातानं दाखवलं, इथं सोपा, इथं चूल, इथं धान्य साठवायचं बळद.

आत्यानं दाखवलेल्या भिंतीच्या जागी खणलं. वरचा गाळ साधारण दीड फूट, बारीक, पिठासारखा. आणि मग रंग बदलला. मी चित्रकला शिकवते, रंगांची नावं मला पाठ आहेत, पण त्या रंगाला माझ्याकडे नाव नव्हतं. फिकट, थोडा पिवळसर, थोडा राखेचा, त्यात कोळशाचे बारीक कण, एक खापराचा तुकडा. आत्यानं चिमूट उचलून बोटांत चोळली आणि म्हणाली, "हीच."

दोन फेऱ्यांत पांढरी दोन पोती, जुन्या शेताच्या कडेची काळी एक, गाळ तीन. गोणपाटाचीच पोती वापरा, प्लास्टिकमध्ये ओलसर माती बांधली की चार दिवसांत बुरशी आणि वास. प्रत्येक पोत्यात चिठ्ठी आणि बाहेरून पेंटनं नाव, दोन्ही करा, माझी एक चिठ्ठी विरघळून गेली होती. जूनमध्ये पाऊस लागला, पाणी चढायला लागलं आणि ऑगस्टमध्ये धरण भरलं. उंबरा परत खाली गेला.

मातीचं काम मी गोठ्यात केलं. आधी खडे-काड्या काढून माती पाण्यात ढवळायची, जड वाळू खाली बसू द्यायची, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतायचं, ते निवळलं की तळाला जो लगदा राहतो तो रंगासाठी. मलमलीतून गाळून, वाळवून, खलात घोटला. बाइंडर म्हणून, म्हणजे रंग कागदाला धरून राहावा म्हणून, बाभळीचा डिंक, त्यात लवंगेच्या तेलाचे दोन-तीन थेंब, नाहीतर डिंकाला बुरशी धरते. कागदावरची छोटी कामं ह्यातूनच झाली, ती तुलनेनं सोपी गेली.

अडलं ते मोठ्या पॅनलवर. मला चार बाय तीन फुटांवर अर्धा इंच जाडीचा थर हवा होता. काळी माती म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टची झीज, तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या ह्याच्यामुळेच. कॅनव्हासवर लावली, तिसऱ्या दिवशी खपल्या होऊन खाली. फेविकॉल घातला तर पृष्ठभाग प्लास्टिकसारखा चमकायला लागला, मातीचं मातीपणच गेलं. जूनपासून डिसेंबरपर्यंत चाचणीच्या ४६ टाइल केल्या, प्रत्येकीच्या मागे तारीख आणि प्रमाण लिहून. त्यातल्या पावसाळ्यातल्या २० तर जवळपास वायाच गेल्या कारण दमट हवेत एक टाइल वाळायला नऊ-नऊ दिवस आणि वर पांढरी बुरशी. चाचण्या दिवाळीनंतरच करा, खरंच. ऑक्टोबरच्या सुमाराला मी सगळं सोडायच्या बेतात होते, शाळा सांभाळून रोज रात्री अकरापर्यंत गोठ्यात बसायचं आणि सकाळी फुटलेली टाइल बघायची, रडायला यायचं.

शेवटी आत्याच म्हणाली की तू माती कुजवतेस का. भिंतीचा गिलावा कधी ताज्या मातीनं करत नाहीत. गव्हाचं भूस, शेण आणि माती पायानं तुडवायची, रोज पाणी मारत पंधरा दिवस ठेवायची, वास बदलतो, चिकटा येतो, मग लावायची. तसं केलं. काळी एक भाग, वाळू अडीच भाग, भूस आणि शेण हाताच्या अंदाजानं, आणि कॅनव्हासऐवजी बारा मिमी प्लायवर खिळ्यांनी ताणून बसवलेलं गोणपाट. टाइल नंबर ४१ ला एकही भेग नाही. पांढरीला मात्र वाळू लागलीच नाही. धाब्यावर तीच का घालायचे ते तेव्हा हाताला कळलं, ती आकसत नाही, दाबली की गप्प बसते.

आणि गाळाच्या भेगा मी बुजवल्या नाहीत. धरणाच्या तळाला तो भेगाळतो तसाच भेगाळू दिला, प्रत्येक खपलीच्या कडा पापडासारख्या वर वळल्या, मग एकेक खपली उलटी करून मागून डिंक लावून त्याच जागी परत बसवली. एका पॅनलला तीनशेच्या वर खपल्या. काहींच्या पोटात शिंपल्याची चकती निघायची, तिला हात लावला नाही.

गॅलरीचे अर्ज मी जून २०२४ मध्येच टाकायला सुरुवात केली होती आणि हे एक काम बरोबर केलं. पाच ठिकाणी दहा फोटो, बायोडेटा आणि एक पानाचं निवेदन पाठवलं. दोन ठिकाणांहून उत्तरच नाही, एका ठिकाणी पुढची तारीख दोन वर्षांनंतरची, एका ठिकाणी माती म्हटल्यावर फरशी आणि वाळवीच्या भीतीनं नकार. पाचव्यांनी नोव्हेंबर २०२५ चे सात दिवस दिले, पण लेखी हमी घेतली की माती वाळवलेली, कीडमुक्त आहे आणि भिंतीवर वजन टांगणार नाही. ती अट रास्तच होती, माझं एकेक पॅनल ३३ किलोच्या आसपास भरलं. वेल्डरकडून एक इंची चौकोनी पाइपचे स्टँड करून घेतले. निवेदन लिहिताना मोठे शब्द टाळा, मी तिसऱ्या खेपेला निवाड्यातली ती ओळच वर टाकली आणि खाली चार वाक्यं.

नेताना एक घोटाळा झाला. टेम्पोत पॅनल उभी ठेवली, रस्ता खराब, पोचेपर्यंत गाळाच्या पॅनलच्या चाळीसेक खपल्या खाली. रात्रभर बसून लावल्या. मातीचं काम आडवंच न्या, खाली गादी घालून.

खर्च एकूण ६४ हजार. प्लाय आणि गोणपाट १४,२००, स्टँड ११,५००, टेम्पो दोन्ही वेळचा ६,०००, गॅलरीचं भाडं २४,५००, छपाई ३,८००, बाकी किरकोळ ४,०००. अनामत ५,००० परत मिळाली. कागदावरची काही छोटी कामं गेली त्यात साधारण भाडं निघालं. पॅनल मी विकायला ठेवलीच नव्हती.

प्रदर्शनात एका परातीत सुटी पांढरी ठेवली होती, हात लावायला. पहिल्या दिवशी कुणी लावला नाही. दुसऱ्या दिवशी करमाळ्याकडचे एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांचंही गाव ह्याच पाण्यात. त्यांनी चप्पल बाहेर काढली, मूठभर माती घेऊन बराच वेळ उभे राहिले आणि परत परातीत ठेवताना मूठ सावकाश उघडली, एक कणही खाली सांडू दिला नाही. मला निवाडा कसा मागायचा ते विचारून गेले, मी त्यांना अर्जाचा नमुना लिहून दिला.

अण्णा शेवटच्या दिवशी आले. पांढरीच्या पॅनलसमोर उभे राहिले, जवळ गेले, मग छातीच्या उंचीवर डावीकडे हात नेला आणि म्हणाले, "इथं दिवळी होती. राहिली गं." दिवळी म्हणजे दिवा ठेवायचा भिंतीतला कोनाडा, अर्धा इंच थरात तो होत नाही, त्यांना ते सांगितलं. ते म्हणाले, मग जाड कर.

नऊ इंच जाडीची, दिवळीसकट एक भिंत करायची ठरवलीय. त्यासाठी पांढरीची किमान पंधरा पोती लागतील. ह्या वेळी अर्ज ५ जानेवारीलाच दिलाय, कारण पाणी पुरेसं उतरतं एप्रिलच्या शेवटी आणि जूनमध्ये परत चढतं, मधले पाच-सहा आठवडेच हातात असतात. पोच मिळाली आहे. आत्याला गुडघ्यामुळे ह्या वर्षी तिथवर चालवणार नाही, पण तिनं दिवळीची उंची आत्ताच आमच्या वसाहतीतल्या भिंतीवर खडूनं खूण करून दिलीय.